टेलगेट म्हणजे नेमके काय? आपापल्या क्षेत्रातील उपयोग सांगावेत

दप्तरदार (धागालेखक) :
आमच्या कार्यालयात नुकतेच एक परिपत्रक फिरले. ‘टेलगेटिंग करताना आढळणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई करण्यात येईल’ असे त्यात बजावले होते. रोज पनवेलहून गाडीने येणाऱ्या एका सहकाऱ्यांनी तो इशारा रस्त्यावर गाडी पुढच्या गाडीला खेटून चालवण्याविषयी आहे असे गृहीत धरले आणि कंपनीला माझ्या गाडी चालवण्याशी काय देणेघेणे, म्हणून ते दुपारपर्यंत धुसफुसत होते. प्रत्यक्षात ते परिपत्रक स्वतःचे कार्ड न दाखवता दुसऱ्याच्या पाठोपाठ दारातून आत शिरण्याविषयी होते. न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा फुटबॉलच्या सामन्याआधी ‘टेलगेट’ला जातो आणि तेथे म्हणे कणसे भाजतात. मोटारींच्या जाहिरातीत ‘पॉवर्ड टेलगेट’ असते, तेव्हा ती आपली साधी डिकी असते.

शब्दकोश माझ्याकडे आहे, त्यामुळे त्यातील अर्थ कृपया येथे उतरवू नयेत. आपापल्या कामात हा शब्द कशासाठी येतो, तेथे प्रत्यक्ष काय घडते आणि या सर्वांचे मूळ एकच आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

माणदेशी_चाक :
मूळ वस्तू म्हणजे फाळका. ट्रकच्या हौद्याला मागून बंद करणारी ती फळी. वडिलांचा मालवाहतुकीचा व्यवसाय असल्याने माझे बालपण फाळक्याच्या आवाजातच गेले. फाळक्याच्या बिजागऱ्या खालच्या अंगाला असतात आणि वर दोन्ही बाजूंना कड्या असतात. कड्या काढल्या की फाळका बाहेरच्या बाजूला खाली येतो. साखळ्या लावलेल्या असतील तर तो आडवा, हौद्याच्या पातळीत थांबतो आणि हमालांना उभे राहायला हातभर जागा मिळते. साखळ्या नसतील तर तो धाडकन खाली लोंबतो. त्या वेळी मागे उभ्या असलेल्या माणसाचे गुडघे वाचले तर नशीब.

खडी वाहणाऱ्या डंपरचे उलटे असते. तेथे बिजागरी वरच्या अंगाला असते आणि हौदा उचलला की फाळका खालून उघडतो. खालचा खटका नीट बसला नसेल तर धावत्या डंपरमधून खडी सांडत राहते आणि मागच्या मोटारीची काच फुटते. डंपरच्या मागे जवळून चालू नये याला वेगळे शास्त्र लागत नाही.

घाटवळण :
चांगला विषय. मी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाने नियमित ये-जा करतो, त्यामुळे मला टेलगेटिंगचा एकच अर्थ ठाऊक आहे. आपण ठरवून दिलेल्या वेगाने चाललेलो असतो, डाव्या बाजूला ट्रकची रांग असते आणि आरशात अचानक मागच्या गाडीचे दिवे दिसेनासे होतात, कारण ती इतकी जवळ आलेली असते की आरशात केवळ तिची काच आणि काचेमागचा संतप्त चेहरा उरतो. मग डिपर सुरू होतो. घाट उतरताना तर हे अक्षम्य आहे. भरलेला ट्रक उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरतो, त्याचे ब्रेक आधीच तापलेले असतात, आणि त्याच्या मागे हातभर अंतरावर मोटार लावणारे महाभाग दर वेळी दिसतात.

थेट_बोल :
घाटवळण यांच्याशी असहमत. अंतर ठेवा हे सांगायला सोपे आहे. मी प्रामाणिकपणे अंतर ठेवले की डावीकडून एक गाडी येऊन त्या जागेत बसते. मी पुन्हा मागे सरकतो, पुन्हा दुसरी येते. असे करत राहिलो तर मी मुंबईऐवजी पुन्हा पुण्यालाच पोहोचेन. आपल्या रस्त्यावर रिकामी जागा म्हणजे आमंत्रण असते.

नवखा_वाचक :
मुंबईऐवजी पुण्याला पोहोचण्यात तोटा काय आहे, हे कळले नाही.

मापटे :
थेट_बोल यांची तक्रार नेहमीची आहे, तेव्हा एकदा हिशेब करून पाहू. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. दोन सेकंदांचे अंतर म्हणजे ५५ मीटरच्या आसपास. आता एक गाडी तुमच्या पुढे घुसली आणि तुम्ही पुन्हा दोन सेकंदांचे अंतर निर्माण केले, तर तुमचा तोटा साधारण दोन सेकंदांचा झाला. द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. त्या संपूर्ण प्रवासात तीस गाड्या अशा घुसल्या तरी तुम्ही एक मिनिट उशिरा पोहोचाल. मधल्या खाद्यगृहात वडापावाच्या रांगेत यापेक्षा अधिक वेळ जातो.

हे अंतर मोजायला मीटरपट्टी लागत नाही. पुढची गाडी एखाद्या फलकाजवळून किंवा पुलाच्या सावलीतून गेली की मोजायला सुरुवात करावी. दोन सेकंदांच्या आत आपण तेथे पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. ब्रिटनच्या वाहनचालकांच्या नियमपुस्तिकेत हाच दंडक आहे. ओल्या रस्त्यावर हे अंतर किमान दुप्पट करावे आणि बर्फावर दहापटीपर्यंत वाढवावे, असे ती सांगते.

थेट_बोल :
मापटे, हिशेब मान्य, पण मग आपल्याच आकड्यांत एक विसंगती आहे. त्याच पुस्तिकेत ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर, वेगाला थांबायला एकूण ७३ मीटर लागतात असे दिले आहे. त्या वेगाला दोन सेकंदांत ५३ मीटर होतात. वीस मीटर कमी पडले. म्हणजे दोन सेकंद पाळणाराही धडकणारच.

मापटे :
प्रश्न रास्त आहे. त्या ७३ मीटरमधील १८ मीटर हे धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे आहेत आणि ५५ मीटर प्रत्यक्ष ब्रेक लागल्यानंतरचे. पुढची मोटारही ब्रेक लावल्यावर जागच्या जागी गोठत नाही. तिलाही थांबायला तेवढेच मीटर लागतात. त्यामुळे दोघांचे ब्रेक सारखे असतील तर मधल्या अंतराने केवळ तुमचा प्रतिक्रियेचा वेळ भरून काढायचा असतो आणि त्यासाठी दोन सेकंद पुरतात.

अडचण दोन ठिकाणी येते. पुढची गाडी ब्रेक न लावता उभ्या ट्रकवर आदळली तर ती खरोखरच क्षणात थांबते आणि तेथे दोन सेकंद अपुरे पडतात. दुसरे म्हणजे तुम्ही भरलेल्या वाहनात असाल आणि पुढे हलकी मोटार असेल, तर तुमचे थांबण्याचे अंतर तिच्यापेक्षा बरेच अधिक असते. शिवाय एअर ब्रेकमध्ये पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचायलाच थोडा वेळ जातो. म्हणून दोन सेकंद ही किमान मर्यादा समजावी.

घाटवळण :
थेट_बोल यांनी आता तरी डिपर आवरता घ्यावा.

थेट_बोल :
डिपर मी कधीच मारत नाही. मी केवळ जवळ असतो.

काळे_जंगल (जर्मनी) :
येथे ‘केवळ जवळ’ असण्याला भरभक्कम दंड आहे. येथील लोकांच्या तोंडी असलेला नियम असा की वेगमापकावर जो आकडा दिसतो त्याच्या निम्मे मीटर अंतर ठेवावे, म्हणजे ताशी १०० ला ५० मीटर. महामार्गावरील पुलांवरून पोलीस चित्रण करतात आणि दोन गाड्यांमधील अंतर मोजून घरी पत्र पाठवतात. अंतर जितके कमी, तितका दंड अधिक. फारच कमी असेल तर काही काळ वाहन चालवण्यास बंदी येते. सतत डिपर देत मागे चिकटून राहणे ही पुढच्या चालकावर केलेली जबरदस्ती ठरू शकते आणि तसे झाल्यास प्रकरण फौजदारी होते.

भारतातही नियम नाही असे समजू नये. १९८९ च्या रस्ते-नियमांतच असे म्हटले होते की पुढचे वाहन अचानक मंदावले किंवा थांबले तरी टक्कर टळेल इतके पुरेसे अंतर मागच्या चालकाने राखले पाहिजे. ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे मोजण्याची सोय असल्याशिवाय त्या नियमाला धार येत नाही, हे मात्र खरे.

पंचगंगा :
एक मुद्दा राहून जातो आहे. जवळून चालणे हा दोष मागच्याचा असतो हे मान्य, पण पुढचे वाहन मुळात दिसले तर पाहिजे! आमच्या भागात कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रात्रभर उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि उसाचे शेंडे मागे इतके बाहेर आलेले असतात की फाळका, क्रमांक आणि दिवा असेलच तर तो, सर्व त्याआड जाते. समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रकाशाने डोळे दिपलेले असताना ती ट्रॉली दिसते तेव्हा आपण जवळजवळ उसात असतो. हंगामाच्या तोंडावर पोलीस आणि कारखाने ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम घेतात. पट्टी लावतात ती मात्र फाळक्याच्या लाकडावर, आणि ऊस भरला की ती त्याच उसाखाली जाते. ती शेंड्यांच्या बाहेर लोंबणाऱ्या एखाद्या कापडावर असावी, हे अनेकदा सांगून झाले.

माणदेशी_चाक :
पंचगंगा यांच्याशी पूर्ण सहमत. लोखंडी सळया बाहेर काढून नेणाऱ्या ट्रकचाही तोच प्रकार होता. सळया हौद्याच्या एक मीटर मागेपर्यंत नेण्याची मुभा पूर्वी नियमातच होती. ती २०१४ साली काढून टाकली. तरीही टोकाला लाल फडके बांधले की काम झाले, असे मानणारे आजही आहेत.

नवखा_वाचक :
आणि या सर्वांच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’.

घाटवळण :
ते लिहिण्यास महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे. विनाकारण भोंगे वाजवण्याला त्यातून प्रोत्साहन मिळते, असे कारण परिवहन विभागाने दिले होते. त्या जागी ‘सुरक्षित अंतर ठेवा’ असे रंगवलेले दिसते, पण ते इतक्या लहान अक्षरांत असते की वाचण्यासाठी जवळ जावे लागते.

रिकामा_टेम्पो :
माझा एक प्रश्न आहे. आमच्या पिकअपचा चालक रिकाम्या फेरीत फाळका खाली सोडून गाडी चालवतो. वारा आरपार गेल्याने डिझेल वाचते, असे त्याचे म्हणणे आहे. हे खरे आहे का?

कुलूपकिल्ली :
धागालेखकांच्या परिपत्रकाकडे वळतो, कारण इमारतींची प्रवेशव्यवस्था बसवणे हेच माझे काम आहे. आमच्या बोलण्यात दोन वेगळे प्रकार असतात. एखाद्याने कार्ड दाखवून दार उघडले आणि त्याच्या नकळत दुसरा आत सरकला, तर ते टेलगेटिंग. ओळखीने किंवा सौजन्याने त्यानेच दार धरून दुसऱ्याला आत घेतले, तर त्याला पिगीबॅकिंग म्हणतात. परिपत्रके लिहिणारे हा भेद पाळत नाहीत आणि दोन्हींना एकच नाव देतात.

आत शिरू पाहणाऱ्याला भिंत फोडावी लागत नाही. दिवाळीच्या आठवड्यात दोन्ही हातांत मिठाईचे खोके घेऊन कोणी दारापाशी उभे राहिले की दहातील नऊ माणसे स्वतःहून दार धरतात. यावर उपाय म्हणून एका वेळी एकच माणूस जाईल असे फिरते अडसर बसवतात. सर्व्हरच्या खोलीसारख्या जागी एकामागे एक दोन दारे असतात. पहिले पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरे उघडत नाही. आणखी एक युक्ती म्हणजे जे कार्ड आत आल्याची नोंद नाही, ते बाहेर जाताना यंत्र नाकारते. मग दुसऱ्याच्या मागून आत आलेला कर्मचारी संध्याकाळी दारातच अडकतो आणि सुरक्षारक्षकाला कैफियत देत बसतो.

सोवळे_नसलेली :
दार दुसऱ्याच्या तोंडावर लावू नये, असे आम्हाला लहानपणापासून शिकवले. आता त्याच शिकवणीसाठी नोकरीवर गदा येणार का? माझ्या मागून येणाऱ्या, रोज एकत्र डबा खाणाऱ्या सहकारी बाईंना ‘आधी कार्ड दाखवा’ असे मी म्हणणार नाही.

कुलूपकिल्ली :
ताई, आपल्या सहकारी बाईंवर संशय नाहीच. पण आग लागली तर बाहेरच्या मैदानात हजेरी घेतात ती यंत्रातील नोंदींवरून. तुमच्या मागून कार्ड न दाखवता आलेल्या बाईंची आत असल्याची नोंदच नसेल, तर त्यांना शोधायला कोणी जाणार नाही. दार अवश्य धरावे, फक्त त्यांनाही यंत्रावर कार्ड टेकवू द्यावे.

सोवळे_नसलेली :
हे कारण परिपत्रकात लिहिले असते, तर कोणीही कुरकुर केली नसती.

हडसनकाठ (न्यू जर्सी) :
दप्तरदार यांच्या भाच्याविषयी. येथील टेलगेट म्हणजे सामन्याआधी स्टेडियमच्या वाहनतळावर, गाडीच्या उघड्या पाठीशी मांडलेली मेजवानी. जुन्या लांबट मोटारींचा मागचा फाळका खाली पाडला की त्याचेच टेबल होत असे. त्यावरून हे नाव पडले. सामना दुपारी असला तरी लोक सकाळपासून येऊन शेगड्या पेटवतात. काही वाहनतळांवर कोळशासाठी वेगळे पिंप ठेवलेले असते, कारण तापलेले कोळसे कोणी गाडीखाली सोडून आत गेला तर काय होईल, हे सांगायला नको. आमच्या मंडळींच्या शेगडीवर तिखट-मीठ-लिंबू लावलेली कणसे असतात आणि शेजारच्या गाड्यांतील लोक सॉसेज घेऊन अदलाबदलीला येतात. यातील निम्म्या लोकांना सामना कोणाचा आहे हे माहीत नसते, असा माझा संशय आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयांमधील पहिला फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी आमच्या न्यू ब्रन्सविक येथेच रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला, हे येथील लोक अभिमानाने सांगतात. दक्षिणेत मिसिसिपी विद्यापीठाच्या आवारातील ‘ग्रोव्ह’ या झाडीत तर गाड्यांना प्रवेशच नाही. तंबू असतात, तंबूंत झुंबरे टांगलेली असतात, चांदीच्या ताटांत खाणे असते आणि त्यालाही टेलगेटच म्हणतात.

जुने_पान :
या प्रथेचा आरंभ १८६१ च्या बुल रनच्या लढाईत झाला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. २१ जुलै रोजी वॉशिंग्टनहून काही नागरिक आणि लोकप्रतिनिधी शिधा घेऊन घोडागाड्यांतून लढाई पाहायला गेले होते, हे खरे आहे. संध्याकाळी पळणाऱ्या सैन्याबरोबर त्यांचीही पळापळ झाली. पण त्यावरून पुढच्या काळातील मेजवानीचा वंश जोडणे मला ओढूनताणून केलेले वाटते. गाडीतून जाऊन बाहेर जेवणे माणसे सर्वत्र करत आली आहेत.

सुरावट :
संगीतातही हा शब्द आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी नृत्याच्या कार्यक्रमांची जाहिरात करण्यासाठी वादकांचा ताफा गाडीवर बसवून गावभर फिरवत. ट्रॉम्बोनची नळी वाजवताना हातभर पुढे जाते. दाटीत बसलेल्या सोबत्यांना तिचे टोले बसू नयेत म्हणून त्या वादकाला अगदी मागे बसवत आणि उघड्या फाळक्यावरून त्याची नळी बाहेर मोकळी फिरत असे. त्या ठसकेदार, लांब मींड घेणाऱ्या वादनाला ‘टेलगेट’ शैली असे नाव पडले. किड ओरी हा तिचा सर्वांत नावाजलेला वादक. १९२५ मध्ये लुई आर्मस्ट्राँगने शिकागोत जो पाचजणांचा वाद्यमेळ ध्वनिमुद्रणासाठी जमवला, त्यात ट्रॉम्बोनवर तोच होता.

नवखा_वाचक :
आमच्याकडच्या वरातीत जनरेटरची गाडी सर्वांत मागे असते. शैली तिचीही ओळखू येते.

शेअर_कट्टा :
आमच्या धंद्यातील अर्थ थोडक्यात सांगतो. मोठ्या ग्राहकाचा खरेदीचा आदेश पूर्ण झाल्यावर लगेच दलालाने तोच शेअर स्वतःसाठी घेतला, तर ते टेलगेटिंग. ग्राहकाच्या आधीच घेतला तर ते फ्रंट रनिंग आणि त्याला सेबीच्या नियमांनी बंदी आहे. दोन्हींत दलाल ग्राहकाच्या माहितीवर जगतो. पहिल्यात तो निदान रांगेत मागे उभा राहतो.

रिकामा_टेम्पो :
माझा डिझेलचा प्रश्न वाचल्याबद्दल सर्वांचे आभार. उत्तर मिळाले तर अधिक आनंद होईल.

काळे_हिरे (चंद्रपूर) :
भूमिगत कोळसा खाणीत लाँगवॉल पद्धत असते तेथेही टेलगेट आहे. कोळशाच्या एका लांब भिंतीसमोर यंत्र पुढे-मागे धावून कोळसा कापते. त्या भिंतीच्या दोन टोकांना दोन बोगदे असतात. सर्वसाधारण मांडणीत एका बोगद्यातून ताजी हवा आत येते आणि कोळसा बाहेर जातो, तो मेनगेट. भिंतीवरून फिरलेली हवा दुसऱ्या टोकाने परतते, तो टेलगेट. परतणारी हवा गरम असते आणि ती धूळ व मिथेन सोबत आणते, त्यामुळे वायूच्या मोजणीवर तेथे सर्वाधिक लक्ष ठेवतात. आमच्या जिल्ह्यात ही पद्धत नाही. तेलंगणातील सिंगरेणीच्या खाणीत कामानिमित्त असताना मी ती पाहिली. टेलगेटच्या टोकाला कोणी गप्पा मारत उभे राहत नाही.

जुने_पान :
काळे_हिरे यांच्या माहितीमुळे दप्तरदार यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देता येते : सर्वांचे मूळ एक नाही. खाणकामगारांच्या इंग्रजीतील ‘गेट’ म्हणजे वाट. उत्तर इंग्लंडमध्ये जुन्या नॉर्स भाषेतून आलेला तो शब्द आहे आणि त्याचा फाटकाशी किंवा फाळक्याशी संबंध नाही. नावा वरच्या-खालच्या पातळीत नेण्यासाठी कालव्यात पाणकोठी (लॉक) असते, तिच्या खालच्या टोकाच्या दारांनाही टेलगेट म्हणतात. तेथे दार खरे आहे, पण गाडी नाही.

उरलेले सर्व फाळक्याचे वंशज आहेत. मेजवानी आणि ट्रॉम्बोन हे थेट त्याच्यावर बसलेले आहेत. रस्त्यावरचा अर्थ विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत रुळला. पुढच्या ट्रकचा फाळकाच समोर दिसावा इतके जवळ जाणे, हा त्याचा भाव. कार्यालयाच्या दारातील आणि शेअर बाजारातील अर्थ त्या रस्त्यावरून पुढे आले.

दप्तरदार :
जुने_पान, आभार. खाणीतील अर्थ शब्दकोशात पाहिला होता, पण तो फाटकाचाच प्रकार असेल असे वाटत होते. पनवेलच्या सहकाऱ्यांना हा धागा वाचायला दिला आहे. त्यांनी मापटे यांचे दोन सेकंद मान्य केले; कुलूपकिल्ली यांच्या फिरत्या अडसराला मात्र त्यांचा विरोध कायम आहे, कारण त्यात त्यांची पिशवी अडकते.

थेट_बोल :
पिशवी आणि गाडी यांत अंतर ठेवावे.

मापटे :
रिकामा_टेम्पो यांचे उत्तर राहिलेच. डिझेल वाचत नाही. फाळका बंद असताना रिकाम्या हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून गोल फिरत राहतो आणि टपावरून येणारा वारा त्या भोवऱ्यावरून घसरून निघून जातो. फाळका सोडला की तो भोवरा नीट टिकत नाही, टपावरचा वारा हौद्यात उतरतो आणि सर्वसाधारण पिकअपला विरोध कमी होण्याऐवजी थोडा वाढतो. शिवाय लोंबता फाळका मागचा क्रमांक झाकतो, कधी दिवेही झाकतो, म्हणजे पंचगंगा यांची ट्रॉली झाली.

रिकामा_टेम्पो :
आभारी आहे. चालकाला सांगितले. तो म्हणतो की डिझेलचे निमित्त होते. कडी तुटली आहे आणि ती बदलायला त्याने मागच्या महिन्यातच पैसे मागितले होते.